चार, चार, चार आणि एक

रात्री साडेदहाला भांडी पालथी घातली
आणि कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत
माझ्या मोबाइलभोवती सगळं घर वाकलं.
दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री,
पाण्याच्या घसरगुंड्या, उलटा फिरणारा पाळणा,
आणि राहायचं आतच, रिसॉर्टमध्ये.
मुलांनी महिनाभर लावून धरलेलं.

एका खोलीत जास्तीत जास्त चार, असं लिहिलंय.
तीन वर्षांखालचं धरत नाहीत,
म्हणजे कांचनची धाकटी फुकट.
उरलो तेरा.

आण्णांनी चष्मा कपाळावर नेला.
पस्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचललेला माणूस,
रिकामी जागा दिसली की डोळ्यांनी थप्पी लावतो.
"तीन खोल्या बास. दोन पोरं कडंला आडवी, एक पायथ्याला.
पलंगाखाली उंची किती हाय?"
"माणसं आहेत, आण्णा."
"गोणी बरी," ते म्हणाले, "गोणी कूस बदलत नाय."

मग वाटणी.
मंदाताईंना आमच्या शेजारची हवी,
संपतभावोजींना घोरणाऱ्यांपासून लांब.
घोरतात ते स्वतःच,
पण हे कांचननं फक्त मला सांगितलंय.
सासूबाईंचं एकच, संडास खोलीतच ना, आणि कुठल्या पद्धतीचा?
शर्विलला बाल्कनी. बाल्कनीचे बाराशे जास्त.
नाश्ता धरून की सोडून,
चकल्या नेल्या तर दारात काढून घेतील का,
पाण्यातले नायलॉनचे कपडे तिथे भाड्यानं
की तीन टाकीवरून विकतच आणायचे.
"दुसऱ्याचं ओलं आपल्या अंगाला?" सासूबाई शहारल्या.

मी जुन्या लाइट बिलाच्या पाठीवर मांडत गेले.
चार. चार. चार.
आणि एक.

तो एक कोण, ते कुणी बोललं नाही.
आण्णाच म्हणाले,
"हौसाला खाली गादी टाकू. तिला सवय हाय."

सवय आहे.
एकतीस वर्षं हौसाआत्या ओटा आणि फ्रिजच्या मधे झोपते.
फ्रिज नव्हता तेव्हा तिथे रॉकेलचा डबा होता.
मसाला मार्केटात मिरच्यांची देठं खुडून
बोटांत मुरलेली आग अजून निघत नाही,
म्हणून घरातलं प्रत्येक बाळ
तिनं मनगटांनी उचललंय.

तिनं मोबाइल मागितला.
पांढरी चादर, चादरीवर टॉवेलचा हंस.
"ह्यो कोण करतं?"
"तिथली माणसं."
"आपुन जायच्या आदी?"
"हो, आधीच करून ठेवतात."
ती बराच वेळ बघत राहिली. स्क्रीन काळी झाली,
तरी बघत राहिली.
"मग मला ही घे. एकटीला.
पैसं भिशीचं हायेत माझं."

फ्रिजची मोटर बंद झाली, तेवढं ऐकू आलं.
संपतभावोजी हसले, मग हसायचे थांबले.
"एकटीला भ्या नाय वाटायचं?" सासूबाई.
"कशाचं?"
आण्णा तिच्याकडे बघत होते,
टोळीतल्या कुणी भरली गोणी
मधेच खाली ठेवून द्यावी,
आणि मुकादमानं काही बोलू नये, तसे.

मी भरत गेले.
पाहुण्याचं नाव. वय, अंदाजे एकसष्ट.
सोबत, शून्य.
पलंग डबल, की दोन सिंगल?
"डबल म्हंजी केवढा?"
मी दोन्ही हात पसरले,
एक कांचनच्या कानाला लागला, एक कपाटाला.
"त्योच," आत्या म्हणाली.

पहाटे मी पाणी प्यायला उठले.
अंधारात ती उताणी,
एक हात लांब केलेला, तळवा फ्रिजच्या दारावर,
दुसरा ओट्याच्या फरशीला टेकलेला.
माझी चाहूल लागली तरी हात काढले नाहीत.

"तो हंस," तिनं हळूच विचारलं,
"मोडून निजायचं,
का बाजूला ठिवायचा?"